बोटभर माती

कंपोस्टच्या ढिगात फावडं घातलं आणि दर्शनाच्या हाताला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मार्च संपत आला होता. एव्हाना ढीग खाली बसून, काळा होऊन, आतून वाफा सोडायला हवा होता. तो होता तसाच होता. वरचा थर बाजूला केला तर ख्रिसमसच्या बटाट्यांची सालं निघाली, त्याखाली कोबीची पानं, आणि तळाशी दिवाळीला दारावर बांधलेलं झेंडूचं तोरण. फुलं कोमेजली होती, पण दोऱ्यातून एकही सुटलं नव्हतं.

तिनं मूठभर उचलून नाकाशी नेलं. वास नव्हता. घाण वासाला ती घाबरणारी बाई नव्हे. तिचं आयुष्य त्यातच गेलं होतं, आधी खाडीकाठी आणि मग इस्पितळात. पण कुजायला टाकलेल्या गोष्टीला काहीच वास नसावा, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

अंगणापलीकडे, शेताच्या उंच कडेला पेअरचं झाड होतं. त्याखाली तिच्या नवऱ्याला, डॅरेनला पुरून दीड वर्ष झालं होतं. दर्शनानं एकदा ढिगाकडे पाहिलं, एकदा झाडाकडे पाहिलं, आणि फावडं तिथंच टाकून ती घरात आली.

हॅडर्स ड्रोव्ह हे म्हणायला गाव. सहा घरं, एक बंद पडलेलं प्रार्थनाघर आणि एक पंपघर. सहाच्या सहा घरं कुठे ना कुठे कललेली. तिथली मुलं गोट्या खेळायची तर त्या आपोआप एका कोपऱ्यात जमायच्या. इंग्लंडच्या पूर्वेकडचा हा सगळा पट्टा एकेकाळी दलदल होता. लोकांनी चर खणले, पवनचक्क्या लावल्या, मग वाफेचे पंप, मग विजेचे, आणि पाणी उपसून खालची काळीभोर जमीन मोकळी केली. तिला पीट म्हणतात. खरं तर ती माती नव्हेच. हजारो वर्षं पाण्याखाली पडून राहिलेला पाला, लव्हाळी आणि लाकूड. पाण्यामुळे हवा लागली नाही म्हणून ते कुजलं नाही. पाणी काढलं, हवा आत शिरली, आणि इतकी वर्षं अडून राहिलेलं कुजणं सुरू झालं. जमिनीला सोन्यासारखी पिकं आली ती त्या कुजण्यामुळे, आणि ती खचायला लागली तीही त्याच कुजण्यामुळे. वर्षाला बोटभर.

डॅरेनच्या खापरपणजोबानं पंपघराजवळच्या शेतात एक लोखंडी कांब खोल चिकणमातीपर्यंत ठोकून तिचं डोकं जमिनीबरोबर ठेवलं होतं. दर्शना लग्न होऊन आली तेव्हा ते डोकं तिच्या डोक्याच्याही वर गेलं होतं. कांब जागची हलली नव्हती. नदी मात्र आपल्या जुन्या उंचीवरूनच, दोन बांधांच्या मधून, घरांच्या छपरांबरोबर वाहत होती.

हे सगळं पाहून दुसरी कुणी असती तर पहिल्याच आठवड्यात पळून गेली असती. दर्शनाला ते माहेरासारखं वाटलं. ती धरमतर खाडीच्या काठची, खारेपाटातली, म्हात्र्यांची लेक. तिथंही शेतं भरतीच्या पातळीखाली, तिथंही बांध, आणि बांधात बसवलेली उघाडी. उघाडी म्हणजे एक दरवाजा. ओहोटीला उघडून आतलं गोडं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला बंद करून खारं पाणी बाहेर अडवायचं, एवढंच त्याचं काम. बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडली की घरटी एक माणूस चिखलात उतरायचा; बोलावणं यायची वाट कुणी पाहत नसे. हॅडर्स ड्रोव्हच्या बांधातही तसाच लोखंडी दरवाजा होता आणि त्याचं हातचाक फिरवायचा मान डॅरेनच्या, सेचेल घराण्याचा होता. "सातासमुद्रापार गेले," दर्शना आईला फोनवर म्हणाली होती, "नि परत बांधावरच येऊन पडले."

डॅरेन सेचेल तिला भेटला तो ती नर्स होती त्या इथल्या इस्पितळात, रक्तानं भिजलेल्या टॉवेलात हात गुंडाळून. बटाटे काढायच्या यंत्रानं अंगठ्यापासून मनगटापर्यंत फाडलं होतं. टाके तिनंच घातले. ते जरा तिरके आले आणि डॅरेन पुढे जन्मभर लोकांना तो व्रण दाखवून सांगायचा की बायकोनं खूण करून ठेवलीय, हरवलो तर ओळखायला. खारेपाटात पहिल्यांदा गेला तेव्हा एका दुपारच्या उन्हात तो उकडलेल्या कोळंबीसारखा लाल झाला. दर्शनाची आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. तो दर्शनाला म्हणाला, "हिला सांग, एक दिवस तुझ्या लेकीच्या रंगाचा होऊन दाखवतो." मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी केलं, आणि मग शेत केलं.

मकरंद सबनीस त्यांच्या दारात आला तेव्हा त्यानं आधी पाटी वाचली. पाटीवर 'म्हात्रे-सेचेल' होतं. दार उघडल्याबरोबर तो म्हणाला, "ताई, चहा मिळेल का?" तिथंच त्याचं अर्धं काम झालं. सहा महिन्यांत आईच्या फोनाशिवाय दर्शनाला मराठी ऐकायला मिळालं नव्हतं आणि हा पुण्याचा पोरगेला शास्त्रज्ञ आल्याचा चहा पिऊन आणखी मागत होता. त्यानं पीठ मागितलं असतं तर तिनं दळून दिलं असतं. त्यानं शेत मागितलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यानं तिला समजावून सांगितलं आणि ती डॅरेनला सांगत गेली.

"कुजणं म्हणजे जंतूंचं जेवण, ताई. पण लाकूडपाला हे कडक जेवण आहे. ते आधी कापायला कात्री लागते. ती कात्री म्हणजे एक विकर, एन्झाइम. पाण्याखाली हवा नसते, म्हणून कात्री चालत नाही. मग न कापलेल्या लाकडातून एक तुरट द्रव्य साठत जातं, चहाच्या चोथ्यात असतं तसं. ते पुरेसं साठलं की इतर जंतूंचीही तोंडं बंद होतात आणि सगळंच थांबतं. आपण पाणी काढलं आणि कात्री पुन्हा चालू झाली. मी असा एक जंतू तयार केलाय की तो कात्रीलाच धरून बसतो. हवा असो, जमीन कोरडी असो, कात्री चालत नाही. जमीन खचायची थांबते."

"म्हणजे कुलूप," डॅरेन म्हणाला. तेव्हापासून गावात त्याचं नाव कुलूपच पडलं.

डॅरेन काही भोळा नव्हता. त्यानं विचारलं, "आणि किल्ली?"

"मीठ," मकरंद म्हणाला. "हा गोड्या पाण्यातला जंतू आहे. खाऱ्या पाण्यात जगत नाही. मुद्दामच तसा ठेवलाय, म्हणजे समुद्र ओलांडून कुठे जायला नको."

हे उत्तर तेव्हा सगळ्यांना फार आवडलं.

पंपघराजवळचा, कांबेचा तुकडा त्याला दिला. चारी बाजूंनी चर होते. नियम साधे होते. या तुकड्यातली माती बाहेर न्यायची नाही. गमबूट धुवायचे, ट्रॅक्टरची चाकं धुवायची, बटाटेसुद्धा तिथंच धुऊन बाहेर काढायचे. गावानं ते नियम देवाच्या सोवळ्यासारखे पाळले. पलीकडचा शेजारी बॅरी पेक, पाऊणशे वयाचा, दोन्ही गुडघे दुखणारा, तोसुद्धा कुंपणाशी गप्पा मारायला आला की जाताना बूट धुवायचा. वर्ष सरलं, मोजणी झाली, आणि कांबेपाशी जमीन तसूभरही खाली गेलेली नव्हती. डॅरेननं कांबेला मिठी मारली. त्याच्या पाच पिढ्यांनी ती कांब फक्त वर येताना पाहिली होती.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती तेव्हा कुणीच कुणाला सांगितली नाही.

या भागात दोन शेतांच्या मधला चर दोघांचा असतो. दर शरदात, पीक निघालं की तो खणून साफ करायचा, नाहीतर पाणी तुंबतं. निघालेला गाळ मोठा सकस. म्हणून एका वर्षी तो या अंगाला टाकायचा आणि दुसऱ्या वर्षी त्या अंगाला. हे कुठे लिहिलेलं नाही आणि यावरून भांडणही कधी झालं नाही. त्या वर्षी पाळी बॅरीची होती. डॅरेनच्या छातीत तेव्हाच दुखायला लागलं होतं, म्हणून जेसीबीवर दर्शना बसली. चुलीवरचं दूध विसरेल, पण शेजाऱ्याचा हक्क विसरणारी ती नव्हती. चर स्वच्छ करून तिनं सगळा गाळ, अगदी शेवटच्या बादलीपर्यंत, बॅरीच्या बाजूला नीट पसरून दिला. बॅरीनं हात वर करून आभार मानले आणि त्याच आठवड्यात आपला दुसरा चर काढून तो गाळ त्याच्या पलीकडच्याला दिला, कारण तिकडे पाळी पलीकडच्याची होती.

माती कुणीही बाहेर नेली नव्हती. गाळ म्हणजे काही माती नव्हे.

पुढच्या शरदात डॅरेन गेला. ट्रॅक्टर शेतात नीट थांबवून, चावी काढून खिशात ठेवून गेला, म्हणजे जातानाही त्यानं डिझेल वाया घालवलं नाही. त्याची इच्छा दर्शनाला पाठ होती, कारण लग्नापासून तो ती थट्टेत सांगत आला होता. लाकडी पेटी नको, वेताची करंडी. आणि दफनभूमी नको, आपलं शेत. "माझ्या बापजाद्यांनी या जमिनीचं वर्षाला बोटभर खाल्लं. माझ्या अंगाचं बोटभर तरी तिला परत मिळू दे." दर्शनाच्या माहेरी जाळतात, पुरणं तिला पटत नव्हतं. पण शब्द म्हणजे शब्द. रीतसर परवानगी काढून तिनं त्याला पेअरच्या झाडाखाली ठेवलं, आणि रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती तिथं जाऊन उभी राहायची. मातीची माती होतेय, एवढाच तिला आधार होता.

मग पिकं रुसली. आधी कुलपाच्या तुकड्यातली, मग बॅरीची, मग सगळ्यांची. जमीन खचत नव्हती हे खरं, पण ती काही देतही नव्हती, कारण द्यायचं ते कुजूनच देता येतं. लोकांनी खतं ओतली. तरी जुनी मुळं, जुने बुडखे, जुना पेंढा एकावर एक साठत गेला आणि रान गादीसारखं झालं. नांगर त्यात गुंतायचा, पाणी वरच्या वर तरंगायचं. चराच्या काठी मेलेला एक ससा हिवाळाभर झोपल्यासारखा पडून होता. बॅरी म्हणाला, "मला या सशाचा हेवा वाटतो. माझे गुडघे याच्यापेक्षा जास्त कुजलेत."

आणि त्या मार्चमध्ये दर्शनाच्या फावड्याखाली झेंडूचं तोरण निघालं.

तिनं फोन केला तसा मकरंद दुसऱ्याच दिवशी आला. त्यानं ढीग पाहिला, दोनचार नमुने घेतले, आणि टेबलाशी येऊन बसला. चहाला हात लावला नाही.

"इथं कसं आलं हे? तुम्ही माती बाहेर काढली होती का?"

"चिमूटभर नाही," दर्शना म्हणाली. "सगळ्या गावाला विचार."

"मग बॅरीच्या शेतात? त्याच्या पलीकडे? पक्षी नेतील, वारा नेईल, पण इतक्या लवकर एवढं नाही. ताई, आठवून बघा. तुकड्यातून काहीतरी बाहेर गेलंय."

"काही नाही. पीक धुऊन काढलं. बूट धुतले. चर काढला, तेवढंच."

"चर काढला म्हणजे?"

"म्हणजे गाळ काढला. बॅरीची पाळी होती, त्याला दिला. पुढच्या वर्षी आमची होती, तो आमच्या शेतात पडला."

 मकरंदनं दोन्ही तळवे टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसला. त्याचा जंतू सगळ्यात सुखानं राहत असेल तर तो चरातल्या गाळात, हे त्याला माहीत होतं. चराचा गाळ दरसाल शेतात जातो, हे गावाला माहीत होतं. त्यानं विचारलं नाही, कारण असं काही असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. यांनी सांगितलं नाही, कारण श्वास घेतो हे कुणी कुणाला सांगत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. शिव्या द्यायच्या तरी कुणाला?

"मी टाकला तो गाळ," दर्शना म्हणाली. "माझ्या हातानं."

"मी विचारायला हवं होतं, ताई."

"आता काय होईल?"

"नदीत उतरलं तर पुढे गव्हाच्या मुलखात जाईल. मग थांबवता येणार नाही. गाळाला धरून राहतो म्हणून अजून नदीत नाही, मी तपासलंय. पंप आजच बंद करायला सांगतोय." तो थांबला. "आणि मग किल्ली."

त्याचा अर्थ तिला कळला. खारेपाटातल्या लहान पोरालाही कळला असता. तरी तिनं तो बाजूला ठेवला आणि आदल्या दिवसापासून मनात घोळणारा प्रश्न विचारला.

"आणि डॅरेन?"

मकरंदनं खिडकीतून पेअरच्या झाडाकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला. तोही त्या करंडीला खांदा दिलेला माणूस होता.

"खरं सांग," ती म्हणाली. "मी नर्स आहे."

"जुन्या पीटमध्ये कधीकधी माणसं सापडतात," तो हळू म्हणाला. "दोन हजार वर्षांपूर्वीची. तुरट पाण्यात चामडं कमावतात ना, तसं होतं. चेहरा राहतो, नखं राहतात. इथं कुलपामुळे ते फार लवकर होतंय. डॅरेन आहे तसाच असेल, ताई."

"माती नाही झाली?"

"नाही."

"होईल कधी?"

"कुलूप असेपर्यंत नाही."

दीड वर्ष ती रोज सकाळी त्याच्याशी बोलत होती आणि तो तिथं जसाच्या तसा पडून होता. तिला फसवल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी, तिची तिलाच लाज वाटावी अशी, एक इच्छा झाली. तो आहे तसाच असेल तर त्याला एकदा बघावं.

पाणी-खात्याची बाई आली ती अगदी सभ्य होती. गावाला तिचा राग करायचा होता, पण ती बूट धुऊन प्रार्थनाघरात आली आणि बोलताना तिचेच डोळे भरले, त्यामुळे तीही सोय राहिली नाही. बांधाचा दरवाजा भरतीला उघडायचा, समुद्राचं पाणी नदीतून आत घ्यायचं आणि गाव, शेतं, चर, सगळं त्याखाली ठेवायचं. किती वर्षं, ते तिला सांगता येत नव्हतं. घरांच्या बदल्यात शहरात घरं मिळणार होती. बॅरी उभा राहिला.

"साडेतीनशे वर्षं आम्ही पाणी उपसलं," तो म्हणाला. "दुसरा उपाय असेल तर मी उरलेली वर्षंही उपशीन."

"दुसरा उपाय नाही, मिस्टर पेक."

बॅरी खाली बसला. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली होती. जमीन वाचवणारं कुलूप आणलं आणि आता जमीन बुडवल्याशिवाय ते निघत नव्हतं. कुणीही आवाज चढवला नाही. चढवून उपयोग असता तर चढवला असता.

जाताना ती बाई दर्शनाजवळ थांबली. "तुमच्या पतींना आधी हलवता येईल. शहरातल्या दफनभूमीत. आम्ही सगळं करू. तुम्ही फक्त हो म्हणा."

"हो," दर्शना म्हणाली. तिला त्याला बघायचं होतं.

ठरलेल्या सकाळी दोन माणसं आली. जेसीबी त्यांनी लांबच ठेवला आणि फावड्यांनी हळूहळू उकरलं. दर्शना झाडाला पाठ लावून उभी होती. बॅरी काठी टेकत तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि मकरंद दोन पावलं मागे. माती निघत गेली, कोरडी, तंतूतंतूंची, वास नसलेली. मग करंडी दिसली. वेत काल विणल्यासारखा होता. तिनं वर ठेवलेली फुलंही होती.

झाकण एका बाजूनं सुटलं होतं. माणसांनी करंडी हलवली तसा त्या फटीतून एक हात दिसला. नखं नीट कापलेली. ती तिनंच कापली होती. अंगठ्यापासून मनगटापर्यंत तिरका व्रण. आणि हात तपकिरी होता. उन्हात कधी तपकिरी न होणारा, नुसताच लाल होणारा तो हात गडद, चकचकीत तपकिरी झाला होता. दर्शनानं आपला हात त्याच्याशेजारी धरून पाहिला. एकच रंग.

तिला हसू आलं, आणि मग ती रडली. खूप वेळ रडली. बॅरीनं तोंड फिरवलं. झाकण अजून थोडं सरकवलं की चेहरा दिसणार होता. माणसं तिच्या खुणेची वाट पाहत होती.

त्याचा चेहरा दिसला की आपण त्याला पुन्हा सोडू शकणार नाही, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं. शहरातल्या स्वच्छ दफनभूमीतही, अंगात मुरलेलं कुलूप घेऊन, तो असाच पडून राहील, आणि ती रोज चहा घेऊन जाईल, आणि त्यानं मागितलेली ती एवढीशी गोष्ट कधीच होणार नाही.

"मकरंद," तिनं विचारलं, "खारं पाणी आलं की याचं काय होईल?"

"कुलूप मरेल. भरती-ओहोटीनं तुरट द्रव्य धुऊन जाईल. खाऱ्या चिखलातले जंतू वेगळे असतात, त्यांना हवासुद्धा लागत नाही. सगळं परत सुरू होईल, ताई. हळूहळू."

"कळेल कसं?"

"वास येईल. चिखलाचा, सडक्या अंड्यासारखा."

"ओहोटीच्या खाडीचा," ती म्हणाली. मग त्या दोन माणसांकडे वळून तिनं इंग्रजीत सांगितलं, "बुजवा."

आईला तिनं दरवाजा उघडायच्या दिवशी सकाळी फोन केला. म्हातारी नव्वदीला टेकली होती, पण बांधाची गोष्ट निघाली की तिचा आवाज खणखणीत होई.

"आये, मला उघाडी उघडायची हाय. भरतीला."

"भरतीला? येरी का खुली तू? तुजा बाप छातीएवढ्या चिखलात उभा ऱ्हायला, पन खारा पानी आत येव नाय दिला. नि तू आपले हातानी घेतंस?"

"दुसरा कोनी उघडील, नायतर मी उघडीन. पानी येनारच हाय."

"मंग जावयाचा काय होल? तो तं शेतान हाय ना?"

"त्याची माती होईल, आये. नायतर नाय व्हायची."



"मंग उघड," म्हातारी म्हणाली. "पन आदी नारल दे पान्याला."

नारळ शहरातल्या गुजराती दुकानातून आणलेला घरात होता. गावातलं सामान आधीच हललं होतं. माणसं तेवढी बांधावर जमली होती. पाणी-खात्याच्या बाईनं सांगितलं की दरवाजा त्यांच्या कचेरीतूनही उघडता येतो, कुणी त्रास घ्यायची गरज नाही. बॅरी म्हणाला, "चाक सेचेलांचं आहे. सेचेलच फिरवतील." मग सगळ्यांनी दर्शनाला चाकाकडे वाट करून दिली.

भरती चढत होती. नदीचं पाणी बांधाला लागून, करडं, वर वर येत होतं. दर्शनानं नारळ दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला आणि पाण्यात सोडला. भरतीनं तो लगेच जमिनीच्या दिशेनं, आत ढकलायला सुरुवात केली. दरवाज्याला आपटून तो तिथंच डुचमळत राहिला. तिनं चाकाला हात घातला. ते जड होतं. बापाची आठवण आली, छातीपर्यंत चिखलानं माखलेल्या, आणि तिला वाटलं की तो बांधावरून बघतोय. क्षमा कुणाकडे मागायची ते न कळून तिनं चाक फिरवलं.

आधी नुसता आवाज आला. मग पाण्याची जाड काळी पट्टी दरवाज्याखालून चरात शिरली, चर भरला, आणि पाणी त्या तुकड्यात, बॅरीच्या बटाट्यांत, अंगणात पसरत गेलं. नारळही त्याबरोबर आत गेला. कांबेच्या भोवती एक भोवरा फिरला. पेअरचं झाड सगळ्यात शेवटी ओलं झालं, कारण ती जागा उंच होती. सगळे बघत राहिले. करण्यासारखं काहीच नव्हतं.

उन्हाळा गेला, हिवाळा गेला. दर्शनाला शहरात तिसऱ्या मजल्यावरचं घर मिळालं होतं. तिथली जमीन सरळ होती आणि तिला त्यावर चालताना तोल गेल्यासारखं वाटायचं. दर पंधरवड्याला ती बॅरीला गाडीत घालून बांधावर न्यायची. ओहोटीला शेतं उघडी पडायची, राखाडी, मेलेली, छपरांवर शेवाळ. मकरंद मोजमापं करायला यायचा आणि दर वेळी मान हलवायचा. अजून नाही.

एप्रिलमधल्या एका ओहोटीला ती बांधावर चढली आणि वाऱ्याबरोबर तिच्या नाकाला काहीतरी लागलं. ती थांबली. चिखल, सडकी अंडी, जुने शिंपले, सुकट. धरमतरची खाडी, ओहोटीची, ऐन दुपारची.

बॅरीनं रुमाल नाकाला लावला. "देवा, काय घाण सुटलीय."

दर्शनानं डोळे मिटून छाती भरून वास घेतला. पेअरच्या वठलेल्या झाडाखालून तो येत होता की आख्ख्या शेतातून, हे तिला सांगता आलं नसतं.  इतके दिवस डॅरेन तिथं होता, आणि आता जायला लागला होता.

"डॅरेन कामाला लागला," ती म्हणाली.

बॅरीनं रुमाल खाली घेतला. दोघं तसेच उभे राहिले. डॅरेनची बोटभर माती होणार होती आणि ती नांगरायला तिथं कुणी नव्हतं. थोड्या वेळानं भरती सुरू झाली आणि पाणी परत झाडाकडे निघालं.